नाव ठाऊक नसले तरी

रस्त्याने जाताना मुलाने एखाद्या किड्याकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारले, की पुष्कळ सुशिक्षित माणसांची पंचाईत होते. उत्तर ठाऊक नसते आणि तसे कबूल करणे कमीपणाचे वाटते. मग ‘चल, उशीर होतोय’ म्हणून पाय उचलले जातात. असे वारंवार घडले की मूल विचारायचेच सोडून देते. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील, पालक तर बहुतेक सगळेच. म्हणून ह्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे.

‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) ह्या ग्रंथामुळे जगाला ठाऊक झालेल्या रेचेल कार्सन ह्यांनी १९५६ साली ह्याच विषयावर एका मासिकात लेख लिहिला होता. भाचीच्या लहानग्या मुलाला घेऊन त्या अमेरिकेतील मेन राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि रानात हिंडत. स्वतः प्राणिशास्त्राच्या पदवीधर असूनही त्यांनी त्याला ठरवून काही शिकवले नाही. बाई स्वतःच एखादी गोष्ट पाहून हरखत, आणि नावे त्या मुलाच्या कानांवर आपोआप पडत. लहानपणी माहितीपेक्षा अनुभूती मोलाची, असे त्यांचे म्हणणे. १९६४ साली त्या वारल्या. पुढच्या वर्षी तो लेख ‘द सेन्स ऑफ वंडर’ ह्या नावाने पुस्तकरूपाने निघाला.

मेनचा किनारा दूर राहिला. आपल्याकडे ओसरीची कड पुरे. उन्हाळ्यात घराच्या वळचणीला किंवा देवळाच्या कट्ट्याखाली, जेथे माती भुसभुशीत आणि कोरडी असते, तेथे नरसाळ्याच्या आकाराचे लहान लहान खड्डे दिसतात. मुलाला शेजारी घेऊन उकिडवे बसावे. एखादी मुंगी काठावरून घसरते, वर चढू पाहते, आणि तळातून कोणीतरी तिच्यावर मातीचे कण उडवते. मुंगी पुन्हा खाली. तळाशी दडलेल्या किड्याचा जबडा क्षणभर दिसतो न दिसतो, तोच मुंगी नाहीशी होते. खड्ड्याखालची माती अलगद तळहातावर घेतली तर करड्या रंगाचा एक गुबगुबीत किडा सापडतो आणि तो चक्क मागे मागे चालतो!

‘तो उलटा का चालतो?’ ह्यावर ‘मलाही ठाऊक नाही, बघू या’ हे उत्तर उत्तम. गवताची काडी खड्ड्यात हलवली तर तो माती उडवतो का? खड्डा मोडला तर उद्यापर्यंत नवा होतो का? हे मुलानेच करून पाहावे. हा किडा म्हणजे चतुरासारख्या दिसणाऱ्या एका पंखवाल्या कीटकाची अळी आहे, हे नंतर पुस्तकात दोघांनी मिळून शोधावे. जाणकार माणसाने हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाकले असते आणि मूल उठून गेले असते. ह्या बाबतीत अज्ञान ही सोयच म्हणावी लागेल.

हल्ली मोबाइलवर फोटो काढला की झाडाचे नाव क्षणार्धात मिळते. त्यात गैर काही नाही. मात्र नाव मिळाले की पाहणे संपते, हा धोका आहेच. त्यापेक्षा शेजारच्या आजीला विचारावे. आपल्या सीमाभागात तर एकाला दोन नावे मिळतात. मराठीतला काजवा कन्नडमध्ये मिंचुहुळ, म्हणजे विजेसारखा चमकणारा किडा, होतो. कोणते नाव अधिक शोभते ह्यावर मुले बराच वेळ भांडू शकतात.

अर्थात काही पथ्ये पाळावीत. दगडाखाली वा बिळात हात घालू नये, आणि हातात घेतलेला किडा होता तेथेच सोडावा.

काजवे पाहायचे तर पावसाच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, खानापूरकडच्या रानालगत अंधार पडल्यावर जावे. बॅटरी एकच घ्यावी आणि पोहोचल्यावर तीही विझवावी. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो.