न केलेल्या चीटिंगची शिक्षा

प्रश्न : माझ्या मुलाचं मोबाइल गेमचं अकाउंट ‘चीटिंग’चा ठपका ठेवून बंद केलंय. त्यानं हॅक वापरला नाही, असं तो म्हणतो. दाद कुठे मागायची?
– एक वाचक, ढोकी (जि. धाराशिव)

उत्तर : आधी मुलाला न रागावता विचारा : मॉड एपीके (गेमची बदललेली, अनधिकृत आवृत्ती), ग्राफिक्स बदलणारं टूल, क्लोन अ‍ॅप होतं का? पासवर्ड मित्राला दिला होता का? मित्रानं केलेलं चीटिंगही अकाउंटच्याच नावावर पडतं.

यांपैकी काहीच नसेल, तर चूक चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणेचीही असू शकते. जुलै 2010 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं ‘मॉडर्न वॉरफेअर 2’ या गेमच्या सुमारे 12 हजार खेळाडूंवर चुकून बंदी घातली होती, ती मागे घेऊन भरपाई म्हणून दुसरा गेम फुकट दिला.

बंदीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, प्लेअर आयडी, तारीख-वेळ आणि फोनचं मॉडेल जोडून गेमच्या सपोर्ट विभागात अपील करा. मजकूर मोजका, भाषा सभ्य ठेवा. नेमका कोणता नियम मोडला, ते विचारा आणि माणसाकडून फेरतपासणी मागा. तिकीट क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा.

‘पैसे द्या, अनबॅन करतो’ म्हणणाऱ्यांना ओटीपी देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.