काजूच्या पेलेटची पिशवी

राहुरी,
14 जुलै

चि. मैथिली,

काल ताईशी बोलणं झालं. तुझा ससा काजू वर्षाचा झाला, हल्ली पळतो कमी आणि लोळतो जास्त, असं ती म्हणाली. तू पाठवलेला पेलेटच्या पिशवीचा फोटोही पाहिला. पण तो पुढच्या बाजूचा आहे, आणि तिथे गोंडस ससा नि गाजर असायचंच. पिशवी उलटी कर. बारीक अक्षरात पहिलाच घटक ‘अल्फाल्फा’ असेल, तर तो कोणी परका पाहुणा समजू नकोस. आपल्याकडे नुसतं ‘घास’ म्हटलं की जो डोळ्यांसमोर येतो, तोच हा लसूण घास. आमच्या इथल्या कृषी विद्यापीठाचा आर.एल. 88 याच जातकुळीतला. दुभत्या गाईला तो उत्तम, वाढत्या पिल्लालाही चांगला. काजू मात्र आता ना वाढतोय, ना दूध देतोय.

घासात कॅल्शियम भरपूर, आणि सशाचं आतडं मोठं भोळं आहे. समोर येईल तेवढं कॅल्शियम ते रक्तात घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. मग लघवी कालवलेल्या चुन्यासारखी घट्ट होते, पुढे खडाही धरतो. म्हणून मोठ्या सशाच्या पेलेटमध्ये मुख्य घटक गवताचा हवा: टिमोथी, ओट, असलं काही. तंतू निदान 18 टक्के, 20च्या वर असतील तर फारच छान. प्रथिनं 12 ते 14 टक्के पुरेत. कॅल्शियम 1 टक्क्याच्या आत. मांसासाठी वाढवायच्या सशांचं खाद्य स्वस्त मिळतं, पण ते वजन चढवण्यासाठीच केलेलं असतं.

रंगीत तुकडे, मका, सूर्यफुलाच्या बिया घातलेलं मिश्रण घेऊच नकोस. ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो आणि कामाचं टाकून देतो, थेट तुझ्यासारखा. पोह्यातले शेंगदाणे कोण वेचतं, ते मला ठाऊक आहे. एडिंबरा विद्यापीठात 32 ससे 17 महिने निरनिराळ्या आहारावर ठेवून पाहिले, तेव्हा असल्या मिश्रणावरच्या सशांनी गवत कमी खाल्लं आणि दातांची दुखणी ओढवून घेतली. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर. ते झिजतात गवत चावूनच. पेलेट तोंडात गेलं की त्याचा भुगा होतो, त्याने काय झिजणार?

तेव्हा गवत ही काजूची भाकरी आणि पेलेट हे तोंडीलावणं. वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं. पेलेट किलोमागे 25 ग्रॅम, म्हणजे तुझ्या दोन किलोच्या काजूला दिवसाला 50 ग्रॅम, त्याहून एक दाणा जास्त नाही. एकदा वाटीने मोजून घे, मग अंदाज बसेल. गोठ्यातली गोळी पेंड किंवा कोंबडीखाद्य ‘दिसायला सारखंच’ म्हणून कधीही घालू नकोस. कोंबडीखाद्यात मिसळतात त्यांपैकी काही औषधं सशाला विषासारखी आहेत.

पिशवी लहानच घे आणि तारीख बघून घे. या पावसाळी हवेत उघडं पेलेट ओल धरतं, बुरशी लागते. झाकणाच्या डब्यात ठेव. उघड्या पोत्यातून मापून देणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नकोस.

लहानपणी मीही एक ससा पाळला होता. लाडाने रोज घास आणि मूठभर हरभरे घालायचो. एका संध्याकाळी त्याने तोंड फिरवलं. सकाळपर्यंत खाईल म्हणून आम्ही वाट पाहिली. सकाळी तो गेलेला होता. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर वाट बघायची नसते, पशुवैद्य गाठायचा असतो. हे मला फार उशिरा कळलं.

नवी पिशवी आणलीस की मागच्या बाजूचा फोटो पाठव. आणि जुनं पेलेट ताईला टाकू देऊ नकोस. नवं एकदम सुरू केलं तर पोट बिघडेल. दोन आठवडे जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यायचं आहे.

तुझा,
मामा