पोत राहू दे, कॅमेरा लहान घे

रनाळे, ता. जि. नंदुरबार
कार्तिकी एकादशीनंतरचा रविवार

चि. निलेश,

फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहितोय. कागदाला "हो" म्हणून गप्प करता येत नाही.

तुझी मामी परवा दोंडाईच्याला बाजाराला गेली होती. तिथं तुमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. त्यांनी ताईला सराफाच्या दुकानात बसलेली पाहिली म्हणे, पोत काट्यावर ठेवून. मोडायची होती की गहाण टाकायची, एवढं त्यांना समजलं नाही. कारण मात्र सगळं पाठ: पोराला नाशकात मोठा कॅमेरा घ्यायचाय, लग्नाच्या ऑर्डरी धरायच्यात, सुरतचा कोणी वापरलेला फुलफ्रेम देतोय आणि बयाण्याची घाई करतोय. बाजारातली बातमी, निम्मी खोटी धरून चाललो. ताईला फोन लावला. ती आधी पावसावर बोलली, मग कापसाच्या दुसऱ्या वेचणीवर, आणि शेवटी म्हणाली, "मना पोऱ्या शे तो, भाऊ." म्हणजे बातमी खरी.

ती पोत काय आहे हे तुला सांगायला हवं का? बहात्तरच्या दुष्काळात नानांनी बैल विकले, पितळी हंडे विकले, पण मायच्या गळ्याला हात लावला नाही. ताईच्या लग्नात तिनं ती स्वतःच्या हातानं काढून दिली. ट्रॅक्टरच्या हप्त्यांपायी तुमच्या घरातून काय काय गेलं ते मी काढत नाही, तुला ठाऊक आहे. तेव्हाही पोत राहिली. आणि आता ती जाणार कशासाठी, तर लोकांच्या हळदीचे फोटो काढायला.

तू दादासाहेब फाळक्यांचं नाव घेशील. दिवाळीला ओट्यावर बसून तू तेच मित्राला ऐकवत होतास, मी आतून ऐकलं: त्यांच्या बायकोचे, सरस्वतीबाईंचे दागिने गेले म्हणून 'राजा हरिश्चंद्र' झाला. खरं आहे. पण अर्धीच गोष्ट सांगतोस. फाळके १८७० सालचे. जे. जे. स्कूल झालं, बडोद्याचं कलाभवन झालं, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ टाकून झाला, पुरातत्त्व खात्यात फोटो आणि नकाशे काढून झाले, छापखाना चालवून झाला. १९१२ मध्ये लंडनला विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन परतले तेव्हा वय बेचाळिशीला टेकलेलं. आणि आल्या आल्या हरिश्चंद्र नाही काढला. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोज थोडी थोडी फिल्म फिरवून रोप वर येताना दाखवलं. ते पाहून भांडवल देणारा पुढे आला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला, त्याच्या मागे वीस-बावीस वर्षांचा हात होता. सरस्वतीबाईही दागिने देऊन गप्प बसल्या नव्हत्या. फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, हे त्या स्वतः शिकल्या. तू ताईला तुझ्या मोबाइलमधले सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे तरी कधी दाखवलेस का? वाटाणा आधी, पोत नंतर. तुझा वाटाणा कुठे आहे?

तिखट लिहिलं गेलं. राहू दे तसंच.

मी लग्नाचे फोटो काढायला लागलो तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा. कॅमेरा उसनवारीचा होता, म्हणजे पैसे उसने होते. कोणाचे ते तुझ्या आईला माहीत आहे. रोल पैशाचा, धुलाई पैशाची, त्यामुळे प्रत्येक क्लिक कोणाच्या तरी ऑर्डरीचं असायचं. नवरा-नवरी ताठ उभे, तोंडावर फ्लॅश, अल्बम तयार. उधारी फिटली, हे खरं. पण हाताला तेवढंच वळण लागलं. नंदुरबारला रोल धुवायला जायचो तेव्हा हिवाळाभर मिरचीच्या पथाऱ्या लागायच्या, नजर पोचेल तिथवर लाल, मधे पाठमोऱ्या बायका मिरची उलटवताना. दर वेळी वाटायचं, उतरावं आणि निदान दोन-चार क्लिकं करावीत. उतरलो नाही. त्या मिरचीचे पैसे कोण देणार होतं? काठी गावची होळी ऐन सातपुड्यात, इतकी जवळ, तिथेही गेलो नाही, कारण त्याच दिवसांत लग्नाची तारीख निघायची. पुढे डिजिटल आलं, रोलचा खर्च संपला, आणि मी मात्र पासपोर्ट साइजच काढत राहिलो. ते शिकायचं राहूनच गेलं रे. उसन्या पैशाच्या कॅमेऱ्याला शिकण्याची सवड नसते, पहिल्या दिवसापासून त्याला कमवावंच लागतं. मला पोतीचं दुखतं ते सोन्यापायी कमी आणि ह्यापायी जास्त.

आता कॅमेऱ्याचं. मला कळत नाही असं समजू नकोस. स्टुडिओ बंद केला, डोळे बंद केले नाहीत.

फुलफ्रेम वाईट नसतो. अंधारात तो खरोखर सरस. पण त्याच्या तोलाची लेन्स घ्यायला गेलास की दुसरी पोत लागेल. तुझ्यासाठी लहान सेन्सरचा, सुरुवातीचा डीएसएलआर पुष्कळ आहे. कॅननचा १५०० डी किंवा निकॉनचा डी ३५००. दोन्ही २०१८ चे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. निकॉन बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅम भरतो आणि एका चार्जमध्ये कंपनीच्या हिशोबानं १५५० फोटो काढतो. कॅननचा हिशोब ५०० चा. दुर्गम पाड्यावर दोन दिवस राहायचं म्हटलं तर हा फरक तुला कळेल. निकॉनमध्ये गाइड मोड आहे, तो नवशिक्याला पायरी-पायरीनं शिकवतो. तो वापरायला लाजू नकोस. कॅननमध्ये वायफाय आहे, निकॉनमध्ये नुसतं ब्लूटूथ. व्हिडिओचंच डोक्यात असेल तर ह्या दोघांनाही बाहेरचा माइक लावता येत नाही. मग कॅननचा २०० डी मार्क टू बघ, त्याला माइकची जागाही आहे आणि वळणारा पडदाही. पण व्हिडिओ पुढच्या वर्षी. डी ३५०० आता नवा बनत नाही, वापरलेलाच शोधावा लागेल. चांगल्या हातातला मिळाला तर माझं मत त्याला, नाहीतर १५०० डी, दुकानातून, बिल आणि वॉरंटी कार्डासह.

तुझे मित्र म्हणतील, आता आरशाचे कॅमेरे संपले, मिररलेस घे. खोटं नाही, कॅनन काय, निकॉन काय, दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. म्हणूनच तर लोक जुने काढून टाकतायत. शिकणाऱ्याला ह्याहून बरा मुहूर्त नाही. आरशातून दिसणाऱ्या घोड्याला बॅटरी लागत नाही, आणि जे दिसतं ते खुद्द उजेडातलं असतं.

वापरलेला घेताना, बैल घेताना दात बघतात तसं शटर काउंट बघायचं. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या फाइलीतच लपलेला असतो, मूळ जेपीजी मागून घे आणि वाच. कॅननच्या बहुतेक फाइलींत तो नसतो, तिथं विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस. ह्या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख क्लिकांचं धरतात, आणि लग्नवाला माणूस एका सीझनमध्ये किती हजार उडवतो हे मी तुला सांगायला नको. तो सुरतवाला "फार कमी वापरलाय" म्हणतोय ना? विचार त्याला आकडा. लेन्समध्ये मोबाइलची बॅटरी मारून आरपार बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. हात जोडून परत दे. एफ १६ वर आभाळाचा एक फोटो काढ, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी उभी राहील. आणि बयाणा आधी, माल नंतर, हे कधीच नाही.

अजून एक फसगत सांगतो. डी ३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. कोणी तुला निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात देईल, ती लागेल, फोटोही येईल, पण ऑटोफोकस चालणार नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं बघूनच घे.

सोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सला नावं ठेवू नकोस, वर्षभर तिच्यावरच काढ. नंतर एकच लेन्स घे, निकॉनसाठी ३५ एमएम एफ १.८. ५० घेतलीस तर लहान सेन्सरवर ती इतकी अरुंद होते की आपल्या ओसरीत माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहिला तरी अख्खा मावत नाही. १८-५५ लांब केली की एफ ५.६ वर येते, आणि एफ १.८ त्याच्या साधारण दहापट उजेड घेते. म्हणजे काठीच्या होळीत जिथं सेकंदाच्या दहाव्या हिश्शात नाचणारा माणूस पुसून जाईल, तिथं शंभरावा हिस्सा मिळतो. तिथं फ्लॅश मात्र मारू नकोस. अंगावर राख आणि डोक्यावर मोरपिसं घेऊन नाचणारा माणूस देवाचं व्रत पाळत असतो, तुझ्यासाठी उभा नसतो. आधी विचार, मग काढ, आणि प्रिंट नेऊन दे.

आता मिरची, कारण तू ह्या हिवाळ्यात तिथं जाणारच. पथारीवर दुपारी मीटरचं ऐकू नकोस. मीटर एकूण उजेडाची सरासरी बघतो आणि "ठीक आहे" म्हणतो. पण समोर सगळं लालच असतं, लालाचा भाग काठोकाठ भरून वाहून जातो. घरी येऊन बघितलं तर सुरकुती नाही, देठ नाही, सगळा सपाट लाल पत्रा. म्हणून काढलेला फोटो बघताना आरजीबी हिस्टोग्राम उघड. लाल आलेख उजव्या कडेला जाऊन चिकटला असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपनं खाली ओढ, नाही भागलं तर पूर्ण एकानं. रॉ मध्ये काढ. सकाळचा तिरपा उजेड असेल तर प्रत्येक मिरचीची सावली मिळते, तेव्हा जा. आणि नाकाला रुमाल बांध, तुला लहानपणी खोकल्याचा त्रास होता.

सारंगखेड्याला हेच उलटं होतं. मीटरला जग करडं करायची खोड आहे. पांढरा घोडा भरून आला की तो मळका निघतो; तिथं अधिक एक दे. काळा घोडा असेल तर उणे. पळत्या घोड्याला हजारावा हिस्सा, मधला एकच फोकस बिंदू, आणि तो डोळ्यावर. यात्रेच्या धुळीत लेन्स बदलू नकोस, बदलायचीच असेल तर गाडीत बसून काच लावून. हे सगळं चाळीस-पन्नास हजारांच्या कॅमेऱ्यावर शिकता येतं. दीड लाखाच्या कॅमेऱ्यावरही हेच शिकावं लागतं, फक्त छातीत धडधड जास्त.

बघ, रागावायला बसलो आणि घोड्यावर आलो. आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे तुझ्यावर हात उगारायची सोय देवानंच ठेवली नाही. तुझे गेल्या वर्षीचे मोबाइलवरचे फोटो मामीनं मला दाखवले होते. त्यातला एक होता, घोडा विकून उभा असलेला म्हातारा, हातात नुसती दोरी. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. तसा एकही फोटो मला आयुष्यात काढता आला नाही, निलेश. म्हणून तर एवढं लिहितोय. तू लग्नंही काढ, पोटाला लागतंच. पण दोन वर्षांनी काढ, आधी कोणा चांगल्या फोटोग्राफरच्या हाताखाली लाईट धरून उभा राहा.

असं कर. तुझ्याकडे साठवलेले किती आहेत ते खरं सांग. उरलेले मी घालतो. जुन्या स्टुडिओचं सामान काढलं त्याचे पैसे तसेच पडून आहेत, ते कॅमेऱ्यातून आले, कॅमेऱ्यात गेले तर बरंच. ३५ ची लेन्स माझ्याकडून, ती परत करायची नाही. बॉडीचे पैसे जमतील तसे दे, नाही जमले तर मामीला कळू देऊ नकोस म्हणजे झालं. सुरतवाल्याला आजच नाही म्हणून कळव. ताईला मात्र फोन तूच कर. मी सांगितलं तर तिला वाटेल भावानं पोराचं मन मोडलं. तू म्हण, "माय, मोठा नको, मला लहानच आवडला." पोत तिनं सराफाकडे ठेवलीच असेल तर मला लिही, मी आणि तू मिळून सोडवून आणू, तिला बोलायचं काही नाही. तिनं ते प्रेमानंच केलंय.

मामीनं कळण्याचं पीठ बांधून ठेवलंय. थापता येत नसेल तर खोलीतल्या पोरांसाठी तिखट धिरडी घाल. खाण्यापिण्याचे पैसे वाचवून मेमरी कार्ड घ्यायचं नाही, हे मात्र बजावून सांगतो.

दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी रनाळ्याला ये. सकाळच्या गाडीनं आपण दोघं सारंगखेड्याला जाऊ, कॅमेरा तुझ्याच गळ्यात असू दे, मी पाण्याची बाटली धरीन. ताईलाही घेऊन ये.

तुझा मामा

ता. क. जास्तीची बॅटरी घेशील ती कंपनीचीच घे.