दुकानातील पहिली नोकरी



मागच्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक मुलगा बाजूच्या दाराने गुपचूप निघून जाताना आम्हाला दिसला. यंदा बारावी झालेला, पूर्वी वेदीसेवक असलेला. हाक मारली तेव्हा थांबला. म्हणाला, “फादर, पुढच्या दाराने गेलो की सगळे एकच विचारतात, लागली का नोकरी?” जूनपासून त्याने विरार ते बोरिवली अकरा दुकानांत अर्ज दिले होते. दोन ठिकाणी मुलाखत झाली. एका ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले, अजून कळवलेले नाही. खरे सांगायचे तर आदल्या रविवारी तोच प्रश्न आम्हीही त्याला विचारला होता.

म्हणून आजचा हा पाठ त्याच्यासाठी आहे, आणि त्याला दाराशी गाठणाऱ्या आपणा सर्वांसाठीही.

प्रथम परिस्थिती समजून घेऊ. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात पंधरा वर्षांवरील सर्वांमध्ये बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. १५ ते २९ या वयोगटात मात्र ते १०.२ टक्के होते. म्हणजे जो नुकताच दाराशी आला आहे त्यालाच दार सर्वांत जड जाते. दुकानांचा धंदाही बदलतो आहे. हाजी अलीला क्रॉसरोड्स मॉल १९९९ साली उघडला, बिग बझार २००१ साली सुरू झाले, पवईत पहिले डी-मार्ट २००२ साली आले. त्या काळात बारावी झालेल्या मुलामुलींसाठी एक नवी वाट निघाली. पुढे बिग बझार चालवणारी कंपनी २०२२ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता घरबसल्या माल मागवणारे वाढले आहेत, त्यामुळे काही कामे दुकानातून गोदामात गेली: फळीवरून वस्तू उचलायची, पिशवीत भरायची, डिलिव्हरीवाल्याच्या हातात द्यायची. काम तेच, पण समोर गिऱ्हाईक नाही. अकरा ठिकाणी नकार मिळाला याचा अर्थ मुलात खोट आहे असा होत नाही.

काही पालक आम्हाला म्हणतात, “फादर, एवढे शिकवले ते काय दुकानात उभे राहायला?” वसईकराने असे म्हणावे याचे नवल वाटते. आपल्या आज्या पहाटेच्या गाडीने भाजी, केळी, फुले घेऊन मुंबईच्या बाजारात बसत. हिशेब तोंडी, गिऱ्हाईक ओळखीचे, उरलेला माल संध्याकाळपर्यंत कसा खपवायचा याची अक्कल उपजत. त्या विक्रीतूनच कित्येकांच्या फिया भरल्या गेल्या. विकण्याच्या कामाला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात हेच समजावले आहे की, कामाची किंमत ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून आधी ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, यावरून ठरते. त्याच पत्रात बेकारीचाही विचार आहे, आणि तरुणांच्या बेकारीचा विशेष.

आता नोकरी शोधण्याविषयी. मोठ्या दुकानांची भरती वर्षभर सारखी नसते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि पुढे नाताळपर्यंत माणसे लागतात. जानेवारीनंतर मागणी उतरते. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विचारायला जावे. सणापुरते घेतलेले काम लहान समजू नये. मन लावून काम करणारा व्यवस्थापकाच्या लक्षात राहतो, आणि पुढे जागा निघाली की आधी त्याला फोन जातो. विचारायला शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नये, तेव्हा तिथे कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मंगळवार-बुधवारी सकाळी, दुकान नुकतेच उघडलेले असताना जावे. स्वच्छ शर्ट, बंद बूट, हातात एका पानाचा बायोडेटा, आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. सरकारच्या महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या संकेतस्थळांवर नाव नोंदवावे. नोंदणीला पैसे पडत नाहीत.

पैशाचे बोललोच आहोत तर एक दुखरी गोष्ट सांगतो. आपल्याच एका मुलीकडून एका दलालाने ‘युनिफॉर्म आणि ट्रेनिंग’ म्हणून अडीच हजार रुपये घेतले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. ते पैसे तिच्या आईने उसने आणले होते. नोकरी देण्यासाठी जो आधी पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते, असेच धरून चालावे. शंका आली तर पैसे देण्याआधी आमच्याकडे या, दिल्यावर नव्हे.

मुलाखतीत बहुतेक सगळ्यांना अडवणारा प्रश्न एकच: “अनुभव आहे का?” सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटल वाचला. तो म्हणतो की जे शिकून करायचे असते, ते आपण करूनच शिकतो. घर बांधता बांधताच माणूस गवंडी होतो. मग ज्याला कोणी बांधूच दिले नाही त्याने अनुभव आणायचा कुठून? तेव्हा या कोड्याला आम्हाला उत्तर सापडले नव्हते. धर्मग्रामात आल्यावर थोडेसे सापडले. चर्चच्या फेस्ताला ज्याने स्टॉल सांभाळून रात्री गल्ला जुळवून दिला त्याला अनुभव आहे. जी मुलगी काकाच्या केटरिंगमध्ये दोनशे पानांची मोजदाद ठेवते तिला अनुभव आहे. मुले हे बायोडेटात लिहीतच नाहीत. ‘अनुभव – नाही’ असे लिहून मोकळी होतात. लिहा! कोणत्या वर्षी, काय काम, किती दिवस, पैसे हाताळले का. “गिऱ्हाईक चिडले तर काय कराल?” असे विचारले तर पाठ केलेले उत्तर देऊ नका, त्या स्टॉलवर प्रत्यक्ष काय झाले ते सांगा.

दुसरा प्रश्न हमखास येतो: “रविवारी येणार का?” इथे आपली मुले गोंधळतात आणि आईवडील रागावतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने सातही दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी द्यावीच लागते, पण ती बहुधा मधल्या वारी मिळते. शनिवार-रविवार हाच विक्रीचा मुख्य दिवस. अशा वेळी चर्चचा कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. कॅनन १२४८ प्रमाणे आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेला हजर राहिले तरी रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, आणि ती मिस्सा कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते. कामाजवळच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी लवकर जाता येईल का, तेही पाहावे. तेही जमत नसेल तर योग्य कारणासाठी धर्मगुरूला सूट देण्याचा अधिकार कॅनन १२४५ ने दिला आहे. तेव्हा पालकहो, रविवारच्या नावाखाली मुलाची नोकरी नाकारण्याआधी आम्हाला भेटा. मात्र हीच मोकळीक पिकनिकला लावू नका, त्यासाठी आम्ही भेटणार नाही.

नोकरी मिळालीच तर कागद वाचून घ्यावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. अनेकदा नोकरी दुकानाची वाटते, पण पगार एजन्सीचा असतो. पत्रावर कोणाचे नाव आहे ते पाहावे. जाहिरातीतला ‘सीटीसी’ आकडा घरी येत नाही. समजा पगार १५,००० रुपये आहे आणि सगळ्या रकमेवर कपात धरली, तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ११३ रुपये आणि मुलगा असेल तर व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. हातात १२,८८७ उरतात. (मुलींना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही.) त्यातून रेल्वेचा पास आणि डबा. पण पीएफ आणि ईएसआय कापले म्हणून कुरकुर करू नये. आईच्या आजारपणात ईएसआयचे कार्ड किती कामी येते ते ज्यांनी अनुभवले त्यांना विचारावे. आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम घेतले तर त्याचा दर दुप्पट असतो, हेही लक्षात असू द्यावे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आहे. यंदा सप्टेंबर महिन्यात तो पुन्हा वाचला जाईल. आपण नेहमी मजुरीच्या वादावर थांबतो. या वेळी दिवस मावळताना चौकात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. मालक विचारतो, रिकामे का उभे? ते सांगतात की कोणी बोलावलेच नाही. मालक त्यांना आळशी म्हणत नाही, त्यांनी सकाळपासून काय केले याची चौकशी करीत नाही. त्यांना काम देतो. आपण त्या मुलाला दाराशी विचारतो तेव्हा आपल्या हातात द्यायला काय असते? कोणाच्या ओळखीच्या दुकानात जागा असेल, कोणी स्टोअर मॅनेजर असेल, बिलिंग येत असेल, तर त्यांनी ते सांगावे. नसेल तर “चल, चहा घेऊ” एवढेही पुरे.

येत्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर सात वाजता आम्ही चर्चच्या कार्यालयात बसणार आहोत. दुकानांत नोकरी केलेल्या दोन धर्मभगिनींनी मुलाखतीची तयारी करून घेण्याचे कबूल केले आहे. बायोडेटा तिथेच लिहू. येताना आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो आणावेत. आणि फेस्ताला कोणत्या वर्षी कोणता स्टॉल सांभाळला, ते घरून आठवून यावे.

आपला,
फादर