मानेंतील पाट

शरीरशास्त्राच्या तासाला आम्हीं मुलांना मानेच्या एका बाजूस हलकेंच बोट ठेवून नाडी पाहावयास सांगितलें. (दोन्ही बाजू एकदम कधींही दाबूं नयेत.) तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, चित्रांतल्यासारख्याच रोहिण्या प्रत्येकाच्या मानेंत असतात काय?" प्रश्न मार्मिक होता, त्याचें उत्तर 'नाहीं' असें आहे.

पांझरेकांठच्या वाचकांना फडाचे पाट ठाऊकच आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो व त्यास चाऱ्या फुटतात. हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीचेंही तसेंच आहे. तिच्या कमानीस बहुधा तीन शाखा फुटतात: पहिली उजव्या हाताकडे व मानेच्या उजव्या बाजूकडे, दुसरी मानेच्या डाव्या बाजूकडे आणि तिसरी डाव्या हाताकडे. परंतु कित्येकांत दुसरी शाखा पहिलीच्याच मुळाशीं निघते. शंभरांत सुमारें ५ जणांत मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी डावी रोहिणी थेट कमानीपासून निघते. क्वचित् उजव्या हाताची रोहिणी सर्वांच्या शेवटीं निघून अन्ननलिकेच्या पाठीमागून जाते. मग एखाद्यास घास गिळणें कठीण होतें. गर्भावस्थेंत अशा कमानींच्या जोड्या उत्पन्न होऊन कांहीं टिकतात, कांहीं लोपतात. त्यांत थोडा फरक पडला कीं हे भेद होतात.

मेंदूच्या तळाशीं रोहिण्यांचें एक वलय असतें. टॉमस विलिस यांनीं १६६४ सालीं त्याचें वर्णन केलें. एक पाट बुजला तर दुसऱ्यानें पाणी पुरवावें, अशी ही योजना. परंतु पुष्कळांत वलयाचा एखादा दुवा बारीक असतो किंवा नसतोच. म्हणून तीच रोहिणी बंद झाली असतां एकास कांहींच होत नाहीं व दुसऱ्यास पक्षाघात होतो.

कांहींच्या श्वासनलिकेपुढून एक लहान रोहिणी वर जाते. श्वास कोंडलेल्या रोग्याचा गळा उघडतांना वैद्यानें ती न ओळखल्यास रक्तस्राव होऊन प्राणावर बेतते. धुळ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगांवासही २०१८ पासून आहे. तेथील विद्यार्थी हें ज्ञान, ज्यांनीं मरणोत्तर आपला देह दिला, त्यांच्यापाशींच शिकतात.

मुलांनो, चित्र पाठ करा. परंतु समोरचा मनुष्य चित्राहून निराळा असूं शकतो, हें विसरूं नका.