छाटणीचा दर कसा ठरवावा?

प्रश्न : झाडे छाटण्याच्या लहान व्यवसायात कामाचा दर कशावरून ठरतो?

उत्तर : दर झाडाच्या उंचीपेक्षा फांदी कुठे उतरवायची आहे यावर अधिक ठरतो. मोकळ्या जागेतली फांदी तोडून खाली सोडता येते. घराच्या पत्र्यावर झुकलेली फांदी दोराने बांधून, तुकडे करत उतरवावी लागते. त्यात माणसे आणि वेळ दोन्ही जास्त जातात. विजेच्या तारेजवळ वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही झाडावर चढवू नये. ओल्या फांदीतून वीज वाहते. पाला आणि ओंडके नेणाऱ्या टेम्पोचे भाडे दरात आधीच धरावे, नवखे नेमके तेच विसरतात. महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती हाती येण्यापूर्वी ग्राहकाला तारीख देऊ नये.