मालासह टेम्पो चोरीला गेला तर? कायदा समजून घ्या

व्यापारी बंधूंनो, टेम्पो चोरीला गेला म्हणजे नुसती गाडी जात नाही. तिच्यातल्या कापडाच्या गाठी जातात, यंत्रमागावरच्या कारागिराची मजुरी अडते आणि बाजारात दिलेला शब्द खोटा पडतो. म्हणून या गुन्ह्याचा कायदा आपण समजून घेतला पाहिजे.

1860 च्या भारतीय दंड संहितेत वाहनचोरीचे वेगळे कलम नव्हते. रस्त्यावरची सायकल चोरली काय आणि भरलेला ट्रक चोरला काय, कलम 379 एकच. कैद जास्तीत जास्त 3 वर्षे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 305 नुसार माल किंवा प्रवासी नेणारे वाहन चोरणे, तसेच अशा वाहनातला माल चोरणे, या दोन्हींना 7 वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. टोळी बांधून सतत वाहने चोरणाऱ्यांवर कलम 111 खाली संघटित गुन्हाही दाखल होऊ शकतो.

चालकाला चाकू दाखवून गाडी पळवली, तर ती साधी चोरी नव्हे, जबरी चोरी. कलम 309 प्रमाणे 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर घडल्यास 14 वर्षांपर्यंत. लुटणारे पाच किंवा अधिक असले तर तो दरोडा.

कायदा कडक झाला, पण फिर्याद कच्ची राहिली तर उपयोग काय? ‘गाडी चोरीला गेली’ एवढ्यावर थांबू नका. वेळ, ठिकाण, माणसे किती, धमकी दिली का, गाठी किती, बिल व बिल्टीचे क्रमांक कोणते, हे सारे लिहवून घ्या. कलम त्यावरूनच ठरते. माल सापडल्यास तो आपला आहे हेही त्यावरूनच सिद्ध होते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला फिर्याद नोंदवावी लागते आणि तिची प्रत मोफत द्यावी लागते.

विमा कंपनीलाही लगेच कळवा. मात्र फिर्याद तत्काळ दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून चोरीचा दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला आहे.

आणखी एक. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल किंवा गाडीचे सुटे भाग घेऊ नका. चोरीचे आहे हे जाणून, किंवा तसे मानायला कारण असताना घेणाऱ्याला कलम 317 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गिऱ्हाईक मिळते म्हणूनच चोराचा धंदा चालतो.